प्रश्न तिचा, उत्तरहि तिचें

माटुंग्याच्या बाजारांत फुलवाल्यांच्या दुकानीं मोगऱ्याच्या, अबोलीच्या, शेवंतीच्या माळा टांगलेल्या असतात. समजा, एक आई आपल्या वीस वर्षांच्या मुलीसह तेथें उभी आहे. फुलवाला विचारतो, "हिला कोणता गजरा देऊं?" प्रश्न आईला, उत्तरहि आईचें; गजरा मात्र मुलीच्या केसांत! मुलीच्या बुद्धीची वाढ मंद आहे. म्हणून तिला विचारावयाचें असतें, हेंच कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

गोष्ट क्षुल्लक खरी. परंतु श्रोतेहो, जिला वीस वर्षांत गजराहि निवडूं दिला नाहीं, तिनें कोठें राहावें, काय काम करावें, तिच्या देहावर शस्त्रक्रिया व्हावी कीं नाहीं, हें तरी तिला कोण विचारणार? न विचारण्याची मजल कोठवर जाते, हें महाराष्ट्रानें १९९४ सालीं पाहिलें. शिरूर येथील सरकारी वसतिगृहांतील मतिमंद मुलींचीं गर्भाशयें पुण्यास शस्त्रक्रिया करून काढण्यांत आलीं. पाळीच्या दिवसांत त्यांना स्वच्छता राखतां येत नाहीं, असें कारण देण्यांत आलें. स्त्रियांच्या संघटनांनीं निषेध केला, तेव्हां पुढील शस्त्रक्रिया थांबल्या. निर्णय मुलींच्या हिताचा म्हणून इतरांनीं घेतला. तो भोगणें मात्र मुलींच्या वांट्यास आलें.

माटुंग्यापासून जवळच, शिवडीस, जय वकील शाळा आहे. एका दांपत्यानें आपल्या मुलीच्या निमित्तानें १९४४ सालीं ती सुरू केली. अशीं मुलें शिकूं शकतात, हें अशा शाळांनीं समाजास पटविलें. तीं ठरवूंहि शकतात, हें मात्र घरांनाच पटावयाचें आहे.

मूल अठरा वर्षांचें झालें कीं आईबापांस काळजी पडते, "आमच्या मागें हिचें कसें होणार?" १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानें स्थानिक समितीकडे अर्ज करून पालक नेमून घेतां येतो. पण पालकत्वाचा कागद म्हणजे मुलीच्या तोंडावर लाविलेलें कुलूप नव्हे. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यानें मर्यादित पालकत्वाची कल्पना मांडली आहे. ठराविक निर्णयापुरतें व ठराविक काळापुरतें असलेलें हें पालकत्व परस्परविश्वासानें, त्या व्यक्तीच्या इच्छेस अनुसरून चालावें, असा त्याचा आशय आहे.

"पण तिला कळतें कोठें?" असें कोणी म्हणेल. तेव्हां आधीं आपली विचारण्याची रीत तपासावी. एका वेळीं दोनच गोष्टी पुढें ठेवाव्या, व नुसत्या शब्दांनीं न सांगतां त्या प्रत्यक्ष दाखवाव्या. नव्या कर्मशाळेंत जावयाचें असेल, तर ती आधीं दाखवून आणावी. एक दिवस तेथें बसूं द्यावें. कित्येक मुलें ऐकलेला शेवटचा शब्दच परत उच्चारतात, किंवा मोठ्यांस बरें वाटावें म्हणून प्रत्येक गोष्टीस "हो" म्हणतात. यासाठीं कांहीं वेळानें तोच प्रश्न क्रम फिरवून विचारावा. जिला बोलतां येत नाहीं, तिच्या बोटाकडे, चेहऱ्याकडे, मागें सरणाऱ्या पावलाकडे पाहावें. उत्तरास वेळ लागला तरी मध्येंच आपण उत्तर देऊं नये.

तिची निवड कधीं चुकेलहि. चार रुपये वायां गेले तर जाऊं द्यावे. चुकल्यावांचून कोण शिकलें आहे? जेथें मोठा धोका असेल तेथें अवश्य अडवावें. पण कां अडविलें, हें तिला कळेल अशा शब्दांत सांगावें. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, विचारल्यावर तिचें उत्तर मानावें. विचारून आपलेंच खरें करणें हें न विचारण्याहून वाईट. कारण त्यानें आपल्या बोलण्यास किंमत नाहीं, एवढेंच ती शिकते.

उद्यां बाजारांत फुलवाल्यानें तोच प्रश्न केला, तर आईनें उत्तर देऊं नये. एका हातांत मोगरा, दुसऱ्या हातांत अबोली घेऊन मुलीसमोर धरावी, आणि थांबावें. मागें गिऱ्हाइकें खोळंबतील, खोळंबोत बापडीं. आज गजऱ्यासाठीं उचललेला हात उद्यां एखाद्या मोठ्या प्रसंगीं "नको" म्हणावयासहि उचलला जाईल.