बरसीमचे बी पारखून घ्या

आज आपण बरसीमच्या बियांविषयी बोलू.

बरसीम हा मिसर देशाकडून आलेला हिरवा चारा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तो पेरतात. मग हिवाळाभर कापण्या मिळतात. दुभत्या जनावराला तो मानवतो. पण बी भेसळीचे निघाले तर? पैसा जातो, पाणी जाते आणि दावणीला चारा कमी पडतो.

म्हणून आम्ही सांगतो, आधी चिमूटभर बी पांढऱ्या कागदावर पसरा. उजेडात नीट पाहा. बरसीमचा दाणा लांबट गोल आणि गुळगुळीत असतो. लांबी सुमारे २ मिलिमीटर. ताजे बी पिवळसर, चमकदार दिसते. जुने बी तांबूस, मळकट पडते. ते कमी उगवते.

यात कासनी नावाच्या तणाचे बी पुष्कळदा मिसळलेले असते. तो दाणा कोनदार, पाचरीसारखा. त्याला चमक नसते. तो हलकाही असतो. मग काय करायचे? १० लिटर पाण्यात अर्धा किलो मीठ विरघळवा. त्यात बी टाकून ढवळा. कासनी वर तरंगते, ती काढून टाका. तळाचे बी दोन-तीनदा साध्या पाण्याने धुवा.

बारीक, गोल, मातकट, खरखरीत दाणे दिसले तर सावध व्हा. ती अमरवेल असू शकते. असे बी घेऊच नका.

पिशवीवरची चिठ्ठी आता आपल्याला वाचता येते. उगवण किती, शुद्धता किती, ते वाचा. मगच पैसे मोजा.