प्रतिकृती आणि चित्रकाराचा हात



महोत्सवानिमित्त आपल्यातील काही तरुणांनी थोर चित्रकारांची चित्रे पुढे ठेवून तैलरंगात संतांच्या आकृती काढावयास घेतल्या आहेत. त्यांना वारंवार ऐकावे लागते, “ही तर नुसती नक्कल!” या बोलाचे उत्तर आपल्याच मुलखात आहे.

गोंदियाहून मुंबईच्या गाडीने निघाले की वाटेत जळगाव लागते. तेथून अजिंठा जवळच. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ साली विद्यार्थ्यांसह तेथे गेले; लेण्यांतील चित्रे कॅनव्हासवर तैलरंगात उतरविण्याचे काम १८८५ पर्यंत चालले. पुढे तैलचित्रकार म्हणून नावाजलेले पेस्तनजी बोमनजी त्या विद्यार्थ्यांपैकीच. शाळेत छायाप्रकाशाने देहास गोलाई आणावयास शिकलेल्या या मुलांना येथे एकाच सलग रेषेने खांदा वळविणारा, नावगाव नसलेला गुरू भेटला. ती रेषा स्वतः ओढून पाहिल्यावाचून तिचे मर्म कसे कळावे?

त्यांतील कित्येक प्रतिकृती १८८५ साली लंडनमध्ये आगीत जळाल्या. रॉबर्ट गिल यांच्या त्यापूर्वीच्या बहुतेक प्रतिकृतींचीही १८६६ साली तीच गत झाली होती. कापड गेले, हातास लागलेले वळण कसे जळणार? एक गोष्ट मात्र खेदाची. चित्रे स्पष्ट दिसावीत म्हणून भिंतीवर वार्निश फासले गेले, ते पुढे पिवळे पडले. शिकणाऱ्याने मूळ चित्रास बोट लावू नये, हे मी निक्षून सांगतो.

नक्कल पोरासोरांनीच करावी असेही नाही. रूबेन्स पन्नाशी उलटल्यावर, १६२८-२९ साली, माद्रिदमध्ये तिशियनची चित्रे उतरवीत बसला होता. त्याच्या ‘आदाम आणि एवा’मध्ये आदामाची बैठक बदलली आहे, आणि तिशियनच्या चित्रात नसलेला एक पोपटही आला आहे. दोन्ही चित्रे प्रादो संग्रहालयात आहेत.

तरुणांनो, प्रथम चेहरा घेऊ नका, एक हात घ्या. कोळशाने रेखाटन करावे, मग एकाच तपकिरी रंगाने छायाप्रकाश, आणि तो वाळल्यावर पातळ रंगलेप. खालच्या थरात तेल कमी, वरच्यात अधिक. उलट केल्यास भेगा पडतात. छापील चित्रात हे थर दिसत नाहीत. मुंबईस गेलात तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा घराण्याकडून आलेली युरोपीय तैलचित्रे आहेत. तेथे समोर न राहता जरा बाजूस उभे राहा. तिरप्या उजेडात रंगाचे उंचवटे दिसू लागतात.