टीव्ही बदलताना

नवा टीव्ही घ्यावा की नाही, हा प्रश्न पूर्वी केवळ पैशाचा असे. सोयाबीनचे पैसे हाती आले तर घ्यायचा, नाही तर पुढच्या वर्षी पाहू, असे आपण म्हणत असू. आता त्यात मनाची टोचणीही आली आहे. वर्गात पर्यावरणाचा धडा शिकवून घरी यावे, तर मुले मोठ्या पडद्याचा हट्ट धरून बसलेली! जुना चालू असताना नवा आणणे म्हणजे पृथ्वीवर भार टाकणेच नव्हे काय, असे कितीतरी शिक्षकांना वाटते. वाटते हे चांगलेच आहे. पण त्या टोचणीचे वजन किती, हे एकदा काट्यावर घालून पाहिले पाहिजे.

आधी वीज घ्या. पाठीमागे पोट असलेल्या जुन्या २१ इंची टीव्हीला साधारणपणे ९० वॅट लागतात, तर ३२ इंची एलईडीला ५० च्या आसपास. रोज चार तास पाहिला तर सहा-सात दिवसांत एक युनिट वाचते. वर्षाला साठेक युनिटे, म्हणजे चाळीसेक किलो कोळसा. आणि कोळसा तरी एकटा कुठे असतो? आपल्या शेजारच्या परळीच्या वीजकेंद्राला पाणीही लागते, आणि ते येते सोनपेठ तालुक्यातल्या खडका बंधाऱ्यातून, गोदावरीचे. २०१५ च्या दुष्काळात पाणी नाही म्हणून ते केंद्र बंद ठेवावे लागले होते. तेव्हा बटण दाबले की थोडीशी गोदावरीही खर्ची पडते, असे समजायला हरकत नाही.

मात्र ही बचत ३२ इंचांपुरतीच बरे का! ५५ इंची पडदा भिंतीवर चढला की तो शंभर वॅटांच्या पुढे जातो, आणि वाचले ते सगळे गेले. दुसरी गंमत सेट-टॉप बॉक्सची. रिमोटने बंद केला तरी बहुतेक जुने बॉक्स आठ-दहा वॅट खातच राहतात. वीस तास असे गेले, की नव्या टीव्हीने वाचवलेली वीज बॉक्सनेच खाल्ली. भिंतीवरचे बटण बंद करायला पैसा पडत नाही.

शेतकरी बंधूंनी आणखी एक हिशेब करावा. पाच अश्वशक्तीची मोटर तासाभरात चारेक युनिटे घेते. म्हणजे नव्या टीव्हीची पंचवीस दिवसांची बचत तिथे एका तासात संपते. ज्या रानात मोटर चालू राहून पाणी बांधावरून वाहते, त्या घराने टीव्हीपायी झोप उडवून घेऊ नये. आधी मोटरीकडे पाहावे.

मग खरी टोचणी कशाची असावी? माझ्या मते, वस्तू घडवण्याची आणि टाकण्याची. चालता एलईडी टाकून दुसरा एलईडी आणला, तर तो घडवताना खर्ची पडलेली ऊर्जा आणि धातू विजेच्या किरकोळ बचतीतून भरून निघणे कठीण. पडदा काळा पडला, आवाज मात्र येतो, अशा वेळी पुष्कळदा आतल्या दिव्यांच्या पट्ट्याच गेलेल्या असतात. त्या बदलून मिळतात. 'वेगळे ॲप चालत नाही' एवढीच तक्रार असेल, तर मागे एक छोटी स्टिक लावून भागते.

जुन्या पोटाच्या टीव्हीची गोष्ट निराळी. तो बदलायला माझी ना नाही. पण त्याच्या काचेत शिसे असते, लहानसहान नव्हे, किलोच्या हिशेबात. भंगारवाला तांब्यासाठी नळी फोडतो, वायरी जाळतो, आणि शिशाची काच नाल्याकाठी पडून राहते. २०२२ चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले आहेत. जुन्या वस्तूंच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी त्यांनी उत्पादकांवर टाकली आहे, आणि ते काम नोंदणी झालेल्यांकडूनच व्हायचे आहे. म्हणून नवा घेताना दुकानदाराला किंमत विचारण्याआधी विचारा, "आमचा जुना कुठे जाणार?" त्याला सांगता आले नाही, तर कंपनीच्या ग्राहक-सेवेला फोन करा. शाळेच्या कपाटावर धूळ खात बसलेला एखादा असेल, तर त्याचीही चौकशी त्याच फोनवर उरकून घ्या.