भिंतीपलीकडचे वाय-फाय

औरंगपुऱ्यात आमचे जुने घर आहे. काळ्या दगडाच्या दोन-दोन फूट जाडीच्या भिंती, वर माळवद आणि मधे चौक. या भिंती उन्हाळ्यात गारवा देतात, पण वाय-फायच्या लहरी अडवून धरतात. हे मला जरा उशिराच उमगले.

माझ्या भाचीची नोकरीसाठी ऑनलाइन मुलाखत होती. शांतता हवी म्हणून ती मागच्या खोलीत बसली. दहाव्या मिनिटाला आवाज तुटू लागला, मग चित्रच गोठले. पुन्हा जोडणी होईपर्यंत मुलाखत संपली होती. ती रडली नाही. एवढेच म्हणाली, "मामा, राऊटर कुठे ठेवलाय?" दिसायला बरा दिसत नाही म्हणून मीच तो बैठकीतल्या लोखंडी कपाटामागे दडवला होता.

म्हणून पहिली गोष्ट. नवे यंत्र घेण्याआधी दोष कुठे आहे ते शोधा. मोबाइल घेऊन राऊटरशेजारी उभे राहा आणि वेग तपासा. तिथेही वेग मंद असेल, तर बहुधा बाहेरून येणाऱ्या जोडणीत दोष आहे. तिथे चांगला आणि आतल्या खोलीत मंद असेल, तर दोष घरातला आहे.

राऊटर शक्यतो घराच्या मध्यभागी, उंचावर आणि मोकळ्यावर ठेवावा. लोखंडी कपाट, मोठा आरसा, फ्रीज यांच्या आड नको. पाणीही या लहरी शोषून घेते. आपल्या शहरात घरोघरी पाणी साठवायची सवय आहे. तेव्हा भरलेल्या टाकीमागे राऊटर नसलेला बरा. मायक्रोवेव्ह ओव्हन तर साधारण २.४ गिगाहर्ट्‌झवरच चालतो. तो सुरू असताना त्या पट्ट्यातल्या वाय-फायला अडथळा येऊ शकतो.

आजचे बहुतेक राऊटर दोन पट्ट्यांवर चालतात. २.४ गिगाहर्ट्‌झची लहर भिंतीतून जास्त आत जाते, पण तिथे शेजारपाजारच्यांचीही गर्दी असते. ५ गिगाहर्ट्‌झचा वेग जास्त, पण भिंतीपुढे ती लवकर थकते. त्यामुळे राऊटरच्याच खोलीत ५ आणि आतल्या खोलीत २.४ वापरून पाहावे. २.४ मध्ये १, ६ आणि ११ हे चॅनेल एकमेकांवर चढत नाहीत. त्यातला कमी गर्दीचा निवडावा.

एवढ्यानेही भागले नाही, तर रिपीटर घ्यावा. पण जिथे संकेत पोचतच नाही तिथे लोक तो लावतात आणि मग उपयोग झाला नाही म्हणतात. आपल्या शहरात मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी नहर आणली. तिच्या वाटेवर मधे मधे मनोरे उभारलेले होते. मनोऱ्यात आधी पाणी चढले, तरच ते पुढे जाणार. रिपीटरचेही तसेच आहे. संकेत अजून चांगला आहे अशा निम्म्या वाटेवर तो लावावा. मात्र साधा रिपीटर एकाच पट्ट्यावर घेतो आणि देतो, म्हणून वेग जवळपास निम्मा होतो. दगडी घरात सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे आतल्या खोलीपर्यंत लॅन केबल नेऊन तिथे दुसरा राऊटर अॅक्सेस पॉइंट म्हणून लावणे. अशी केबल १०० मीटरपर्यंत चालते.

आता प्रिंटर. घरात तीन संगणक असले, तरी प्रिंटर एकच पुरतो. प्रिंटरला वाय-फाय असेल, तर तो थेट राऊटरला जोडावा आणि राऊटरमध्ये त्याचा पत्ता कायम करून ठेवावा. पत्ता बदलला, की संगणकाला प्रिंटर सापडेनासा होतो. साधा यूएसबी प्रिंटर एका संगणकाला जोडून इतरांसाठी खुला करता येतो. पण मग तो संगणक चालू ठेवावा लागतो. पाहुण्यांना वेगळे 'गेस्ट' वाय-फाय द्यावे. त्यातून त्यांना इंटरनेट मिळते, आपल्या फायली आणि प्रिंटर सहसा दिसत नाहीत. पासवर्ड मात्र मोठा ठेवा, आणि राऊटरबरोबर आलेला मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला.

आम्ही चौकातून केबल नेली. खर्च फार आला नाही. अर्धा दिवस गेला. पुढची मुलाखत भाचीने त्याच मागच्या खोलीतून दिली. निवड होणे न होणे तिच्या उत्तरांवर होते. पण या वेळी एकही उत्तर अर्धवट तुटले नाही, आणि माझ्या मनावरचे ओझे थोडे हलके झाले.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)