खेळण्यांतील गाडी आणि दांत्यांचा हिशेब



आमचें बिऱ्हाड चारकोपला आहे. तेथील सेक्टरांमधून लहान लहान मैदानें आहेत, आणि सायंकाळीं क्रिकेटच्या गलक्यांतून हल्लीं एक नवाच आवाज कानीं येतो. रेडिओच्या लहरींनीं दूर अंतरावरून हांकल्या जाणाऱ्या विजेच्या गाड्यांचा तो आवाज. माझ्या नातवानें वर्षभर खाऊचे पैसे सांठवून अशी एक गाडी घेतली, आणि मे महिन्यांत आठ दिवसांच्या आंत तिची मोटर जाळून टाकली. घरभर जळक्या रोगणाचा वास सुटला होता. पोरगें रडलें नाहीं. पण जेवलेंही नाहीं.

मीं चौकशी केली. मित्रांच्या सांगण्यावरून त्यानें मोटरीच्या दांड्यावरील २२ दांत्यांचें पिनियन काढून २७ दांत्यांचें बसविलें होतें. गाडी पळूं लागली, हें खरें. मग बिघडलें काय?

वही घेऊन आम्ही दोघे बसलों. पिनियन ज्या मोठ्या चाकाला फिरवितें त्याला ७० दांते आहेत. ७० भागिले २२ म्हणजे ३.१८. गाडीच्या पोटांत आणखी कांहीं दांतेरी चाकें असतात. त्यांचें प्रमाण २.६. दोहोंचा गुणाकार ८.२७. म्हणजे मोटर सव्वाआठ वेळां फिरते तेव्हां गाडीचें चाक एकदां फिरतें. चाकाचा व्यास ६४ मिलिमीटर, परीघ सुमारें २०१. तेव्हां मोटरीच्या एका फेऱ्यांत गाडी २४ मिलिमीटर पुढें सरकते. ही मोटर एका व्होल्टास मिनिटाला ३००० फेरे घेणारी आणि बॅटरी ७.४ व्होल्टांची. गणित केलें तर वेग तासीं ३२ किलोमीटर येतो. २७ दांत्यांनीं प्रमाण ६.७४ वर उतरतें आणि वेग चाळिसाच्या घरांत जातो.

हा झाला कागदावरचा वेग. परंतु प्रमाण जितकें उतरतें तितकाच चाकांवरील जोरही उतरतो. पूर्वींइतकाच जोर हवा असेल तर मोटरीनें सुमारें सव्वापट वीज ओढली पाहिजे. आणि तारेंतील उष्णता विजेच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढत असल्यामुळें ती दीडपट होते. त्यांत मैदानावरील गवत, क्षणोक्षणीं थांबणें आणि पुन्हां सुटणें, शिवाय मे महिन्याची हवा. मोटर जळली नसती तरच नवल!

माझी सारी नोकरी रेल्वेंत गेली, म्हणून त्याला एक उदाहरण सांगितलें. डब्ल्यू. ए. जी. ९ हें मालगाडीचें इंजिन आणि डब्ल्यू. ए. पी. ७ हें प्रवासी गाडीचें. दोहोंच्या मोटरी एकाच जातीच्या. पण पहिल्याच्या दांत्यांचें प्रमाण ७७ ला १५, म्हणजे पांचाहून थोडें अधिक. दुसऱ्याचें ७२ ला २०, म्हणजे ३.६. एवढ्या फरकानें पहिलें जड ओझें ओढतें आणि दुसरें तासीं १४० किलोमीटरपर्यंत धांवतें. आणि तरीही, सदतीस फुटांस एक फूट चढणाऱ्या बोरघाटांत आणि कसाऱ्याच्या घाटांत कित्येक गाड्यांना मागून बँकर इंजिनांचा रेटा घ्यावाच लागतो. नातू म्हणाला, “आजोबा, माझ्या गाडीला बँकर कोण देणार?” प्रश्न रास्त होता.

तेव्हां नव्या मोटरीबरोबर आम्ही कारखान्यानें सांगितलेल्या २२ दांत्यांवरच परत आलों. तेथून एकेका दांत्यानेंच वरखालीं जावें. गवत, वळणें, लहान मैदान असेल तर पिनियन लहान. लांब, गुळगुळीत डांबरी रस्ता असेल तर मोठें. मात्र फारच लहान केलें तर मोटर नुसतीच किंचाळते आणि गाडी अर्ध्या मैदानांतच वेगाची परिसीमा गांठते. एक गोष्ट मुलें हटकून विसरतात. मोठीं चाकें बसविणें म्हणजे मोठें पिनियन बसविल्यासारखेंच आहे. ६४ मिलिमीटरांच्या जागीं ८० चीं चाकें आलीं कीं मोटरीवरील भार सव्वापट झाला!

पिनियन बदलतांना दोन्ही चाकांच्या दांत्यांचें माप एकच आहे ना, तें पाहावें. बसवितांना मध्यें वहीच्या कागदाची पट्टी घालून चाकें एकमेकांशीं दाबावीं, स्क्रू आवळावा आणि पट्टी फिरवून काढून घ्यावी. तेवढीच मोकळीक दांत्यांना पुरते. मग तीनचार मिनिटें गाडी चालवून थांबवावी आणि मोटरीला बोट लावून पाहावें. बोट टेकवतांच काढावें लागलें तर एखादा दांता कमी करावा. उष्णता मोजण्याचें यंत्र असेल तर ऐशी अंशांच्या पुढें जाऊं देऊं नये.

सध्यां पावसानें मैदान ओलें आहे, म्हणून २० दांत्यांचें पिनियन चढलें आहे. नातवानें एक वही घातली आहे. तींत तारीख, दांते आणि मोटरीची ऊब हीं तिन्ही तो रोज लिहितो. परवां मैदानावर गाडी थांबवून त्यानें मोटरीवर बोट टेकलें आणि मित्रांच्या देखत मोठ्यानें दहापर्यंत आंकडे मोजले.