चाळीतून सदनिकेत



वरळीच्या बी.डी.डी. चाळीत १६० चौरस फुटांच्या खोलीत आम्ही वाढलो. संडास सामाईक, अभ्यास मधल्या व्हरांड्यात. तेव्हा या वस्तीकडे कोणी ढुंकून पाहत नव्हते. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, टॉवर आले. ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या मालकीच्या सदनिकांच्या चाव्या मिळाल्या. दलाल मात्र त्याआधीच दारात! विकून बदलापूर गाठावे, असे आमच्यातही काहींना वाटते. लिफ्टचा, देखभालीचा खर्च पेन्शनीत भागवायचा कसा? त्यांना आम्ही दोष देत नाही. परंतु १९७४ च्या दंगलीत आमच्या वडीलधाऱ्यांनी रात्र रात्र जागून राखलेली ही जागा आहे. एवढीच विनंती, की सही करण्यापूर्वी घरातील स्त्रियांना विचारा.