गिरिभ्रमणातील एक धडा



‘अडले तर विचारा’ असे जन्मभर मुलांना सांगणारा मी, नेपाळातील नामचे बाजार येथे, ३४४० मीटर उंचीवर, स्वतःची डोकेदुखी मात्र लपवून बसलो. आपल्यामुळे तुकडी खोळंबेल, ही लाज! शेर्पा वाटाड्याने माझे न शिवलेले ताट पाहूनच ती ओळखली व बरे वाटेपर्यंत मला वर जाऊ दिले नाही.

उंचीवर हवेचा दाब घटतो. सुमारे ५५०० मीटरवर श्वासागणिक निम्माच प्राणवायू मिळतो. म्हणून ३००० मीटरच्या पुढे मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरहून अधिक वाढवू नये. त्रास वाढल्यास त्वरित खाली उतरावे.

तरुणांनो, हिमालयात अवश्य जा. परंतु वाटाड्यापासून दुखणे लपवू नका. त्या लाजेपायी प्राणही जातो.